इन्सुलिनचा खाडा

(ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी बीड जिल्ह्यातल्या एका गावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दसरा झाला की या गावात दारांना कुलपं दिसायला लागतात. मुकादमाकडून उचल घेऊन झाली, ट्रॅक्टर ठरले, आता पुढचे पाच-सहा महिने म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं एवढीच मागं राहणार. म्हणून मी आजच यायचं ठरवलं. मधुमेहाच्या पेशंटची इन्सुलिनची सुई घ्यायची सुटते ती बहुतेक दोन वेळा, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. एक, घर सुटतं तेव्हा. दुसरं, घरात दुखणं येतं तेव्हा.

पूर्वी मी पेशंटला विचारायचे, "इन्सुलिन रोज घेता ना?" समोरून उत्तर ठरलेलं, "घेतो की बाई!" साखर मात्र ३०० च्या वर. मग मी डोस वाढवायचे. १६ युनिटचे २०, २० चे २४. एक दादा असेच माझ्याकडं यायचे. एका सकाळी त्यांना बेशुद्धीत आणलं. साखर फक्त ४०. झालं होतं असं, की मुलीच्या लग्नासाठी त्यांची बहीण आठ दिवस आधी घरी आली होती आणि तिनं भावाला दोन्ही वेळची सुई न चुकता दिली होती. कागदावरचा पुरा डोस सलग रोज त्यांच्या अंगात पहिल्यांदाच गेला. एरवी ते आठवड्यातले तीनच दिवस घेत होते, आणि मी सात दिवसांचा हिशोब धरून वाढवत बसले होते. दादा वाचले. तो डोस माझ्या हातचा होता, हे मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. मी विचारते, "या आठवड्यात खाडे किती?" खाडा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, एक खाडा पडला की मुकादमाच्या वहीत दंड चढतो. माझ्या वहीत दंड नाही. मला फक्त खरा आकडा पाहिजे. गंमत बघा, "घेता ना?" म्हटलं की मान खाली जायची, आणि "खाडे किती?" म्हटलं की माणसं बोटं मोजायला लागली. "दोन पडले बाई, एक बाजाराच्या दिवशी, एक औषध संपलं म्हून." आता यातून मला काहीतरी करता येतं. औषध संपलं असेल तर दोन बाटल्या जास्त देता येतात. डोस वाढवून काय होणार होतं?

खाडा पडला की अंगात काय होतं, तेही सांगते. माजलगावकडच्या लोकांनी कालवा पाहिलाय. कालवा भरून वाहतोय, पण शेताची चारी उघडलीच नाही, तर पीक उभ्यानं करपतं. रक्तातल्या साखरेचं तसंच आहे. साखर रक्तात भरपूर असते, पण पेशीत जायचं दार इन्सुलिन उघडतं. ते नसेल तर भरल्या रक्तात शरीर उपाशी राहतं. मग ते चरबी जाळायला लागतं, आणि त्यातून रक्तात आम्ल साठतं. लेकरांच्या मधुमेहात, ज्याला पहिला प्रकार म्हणतात, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. तिथं एक-दोन दिवसांचा खाडासुद्धा जिवावर येतो. मोठ्या माणसांच्या मधुमेहात थोडं इन्सुलिन तयार होत असतं, त्यामुळं खाडे लगेच जाणवत नाहीत. ते वर्षांनी जाणवतात. पायाची जखम भरत नाही, नजर जाते, किडनी थकते.

"एकदा सुई लागली की सवय लागते," असं गावोगाव ऐकते. अहो, इन्सुलिन तुमच्या-माझ्या अंगात जन्मापासून तयार होतं. ज्याचं तयार होणं बंद झालं, त्याला ते बाहेरून द्यायचं. याला सवय कशी म्हणायची? काहींना ऑपरेशनपुरतं, काहींना बाळंतपणापुरतं लागतं आणि नंतर थांबतंही. पण थांबवायचं कधी, ते तपासून ठरवायचं.

इन्सुलिन नव्हतं तेव्हा काय होतं, हे एका पोराच्या गोष्टीवरून कळेल. कॅनडात टोरोंटोला लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा होता. वजन ३० किलोच्या आसपास. त्या काळी अशा लेकरांना जवळजवळ उपाशी ठेवत, तेवढाच उपाय होता, आणि तरीही ती जात. जानेवारी १९२२ मध्ये त्याला पहिली सुई दिली. ती नीट लागू पडली नाही, औषध पुरतं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी जास्त शुद्ध केलेलं दिलं आणि पोरगं सावरलं. पुढं तेरा वर्षं जगलं. ज्यांनी हे शोधलं त्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचा हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकला. मला हे सांगताना दर वेळी भरून येतं.

आता दुखण्याचा खाडा. आई-बाप तोडीला गेलेले, बारा वर्षांचं लेकरू आजीजवळ. त्याला उलट्या सुरू झाल्या. आजीनं विचार केला, पोटात अन्नाचा कण नाही, सुई दिली तर साखर पार खाली जाईल. म्हणून सुई बंद केली. तिसऱ्या दिवशी आणलं तेव्हा ते धापा टाकत होतं, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, हाक मारली तर डोळे उघडेना. आठ दिवसांनी ते चालत घरी गेलं. पण आजी दारात बसून एकच बोलत होती, "म्याच घात केला लेकराचा." तिनं काही घात केला नव्हता. आजारपणात खाणं बंद असलं तरी साखर वाढते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. आता सांगते, मागं राहणाऱ्या सगळ्या आज्यांनी ऐका. ताप असो, उलटी असो, सुई पूर्ण बंद करायची नाही. दर तीन-चार तासांनी साखर बघायची, घोट-घोट पाणी पाजत राहायचं आणि डोस कमी-जास्त करायला फोन करायचा. उलटी थांबत नाही, पोट दुखतंय, श्वास जोरात चाललाय, तर रात्र काढायची नाही. लगेच दवाखाना.

फडावर जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, फ्रीज कुठला? न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरातली ३० अंशांपर्यंत चार आठवडे चालते. फेब्रुवारी संपला की कोपीतली दुपार त्याच्या पुढं जाते. मग आपला माठ आहेच. माठात माठ ठेवायचा, मधल्या फटीत वाळू, वाळूवर रोज पाणी. आतल्या माठात कोरड्या डब्यात बाटली, वरून ओलं फडकं, आणि माठ सावलीत, वारा लागेल असा. कोरड्या उन्हाळ्यात आतला गारवा बाहेरच्यापेक्षा चांगलाच जाणवतो. बर्फात मात्र बाटली कधी ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, वितळलं तरी ते चालत नाही. ट्रॅक्टरच्या टपावरच्या गाठोड्यात बांधू नका, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. पाण्यासारखं नितळ असणारं औषध गढूळ दिसलं, किंवा दुधी औषध तळहातांत घोळवूनही त्यातल्या गुठळ्या मोडल्या नाहीत, तर टाकून द्या.

सिरिंजकडं जरा थांबून बघू, कारण इथली चूक मोठी होते. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर ४० लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. त्या बाटलीची सिरिंज लाल टोपणाची. १०० च्या औषधाची सिरिंज नारंगी टोपणाची. परगावच्या मेडिकलवर घाईत नारंगी दिली, आणि तुम्ही ४० च्या बाटलीतून तिच्या २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात २० ऐवजी ८ युनिट जातात. उलट झालं, म्हणजे १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर ५० युनिट जातात! माणूस उठायचा नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच भरा. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही.

पहाटे तीन-चारला फडात उतरता. कष्टानं साखर खाली येते. सुई घेऊन भाकरी राहिली की आणखी खाली. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी ही लक्षणं. पण फडात घाम तर सगळ्यांनाच येतो, म्हणून बायांनो, नवरा उगाच चिडायला लागला, मोळी बांधताना गाठ चुकायला लागली, तर तेही लक्षण धरा. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. ऊस चोखायला देऊ नका, त्यात वेळ जातो. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका. आणि कोयत्याच्या जोडीदाराला आपली सुई माहीत असू द्या, लपवू नका.

नवरात्राचे नऊ दिवस उपास धरणारे, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे, तुम्ही आधी महिनाभर मला भेटा. डोस बसवून देऊ. आईच्या दर्शनाला मी कशाला अडवीन? कारल्याचा रस कुणाला प्यायचा असेल तर मला सांगून प्या, सुईच्या जागी पिऊ नका.

बरं. टोळी निघायला चार दिवस आहेत. ज्यांनी पिशव्या आणल्यात त्यांनी इथं टेबलावर बाटल्या आणि सिरिंजा काढून ठेवा, एकेक बघू. सुई रोज एकाच जागी घेऊन पोटावर गाठ झालीय, त्या बायांनी सिस्टरबरोबर आतल्या खोलीत जा. तिथं घेतलेलं औषध नीट लागत नाही, नवी जागा दाखवतील. कारखाना कुठला, तिथून जवळचं सरकारी आरोग्य केंद्र कुठलं, ते मी कागदावर लिहून देते. आणि मावशी, तुम्ही मागं का बसलात? या पुढं. खाडे किती पडले ते आधी सांगा.