दाताचा डॉक्टर विमानाने येतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं दातांविषयी आहे. मंजन कोणतं घ्यावं, ब्रश कसा फिरवावा, हे मात्र मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि जाहिरातीत त्यांच्या अंगावर पांढरा कोटही असतो. मला बोलायचंय ते जिथे दाताचा डॉक्टर पोचतच नाही अशा गावांबद्दल, आणि तिथल्या लोकांनी काढलेल्या एका वाटेबद्दल.

अलास्का. अमेरिकेचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात थंड राज्य. त्याच्या पश्चिमेला युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्या समुद्राला मिळतात. या दोन नद्यांच्या मुखाशी जो सखल, पाणथळ मुलूख आहे, तो आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून जास्त भरेल एवढा. आणि माणसं किती? सुमारे २५ हजार. बहुतेक युपिक या आदिवासी समाजाची. पन्नासाहून जास्त लहान लहान गावं, आणि त्यांना जोडणारा रस्ता नाही. छोट्या विमानाने जायचं, उन्हाळ्यात होडीने, नाहीतर गोठलेल्या नदीवरून बर्फावर चालणाऱ्या गाडीने. मधलं मोठं गाव म्हणजे बेथेल. दवाखाना तिथे.

या गावांत वर्षानुवर्षं दाताचा डॉक्टर यायचा तो पाहुण्यासारखा. विमानातून घडीची खुर्ची, पेट्या, औषधं उतरवायची, शाळेतल्या एखाद्या खोलीत मांडामांड करायची, काही दिवस काम करायचं आणि परत. पुढची फेरी कधी, ते हवामानाने ठरवायचं. आता दाढ काही वेळापत्रक बघून ठणकत नाही. डॉक्टर येईपर्यंत दात वाचवण्याची वेळ निघून गेलेली असायची. मग उरायचं एकच काम, काढून टाकणं. अगदी लहान पोरांचं तर आणखी अवघड. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे सगळेच दुधाचे दात किडलेले असले की त्याला विमानाने शहरात न्यायचं, पूर्ण भूल द्यायची आणि एका बैठकीत सगळं तोंड दुरुस्त करायचं.

कीड एवढी का, याचा शोध अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००८ साली या भागात घेतला. चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये १०० पैकी ८७ जणांचे दात किडलेले निघाले. अख्ख्या अमेरिकेत त्या वयाला हे प्रमाण ३५ होतं. बारा ते पंधरा वयात इकडे ९१, तिकडे ५१. ही मुलं दात घासत नाहीत, आईबाप लक्ष देत नाहीत, असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण अभ्यासकांना दिसलं ते वेगळं. बऱ्याच गावांच्या पाण्यात दातांना लागणारं थोडंसं फ्लोराइडही नव्हतं. कित्येक घरांत नळच नव्हते. आणि मुलं बाटलीबंद गोड सोडा भरपूर पीत होती. मासे, सील, रानातल्या बेरी यांवर जगणाऱ्या समाजात दुकानाचं अन्न विमानाने यायला लागलं, त्यातलं हे एक. फेसाळ साखरेची बाटली गावात पोचते आणि दाताचा डॉक्टर पोचत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही पाड्यावरच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

इथपर्यंतची गोष्ट दुःखाची आहे, आणि अशा गोष्टी आदिवासींबद्दल आपण इतक्या ऐकतो की कान सरावतात. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

अलास्कातल्या आदिवासींच्या हातात एक गोष्ट होती. १९७५च्या अमेरिकन कायद्याने आदिवासी जमातींना आपली आरोग्यसेवा स्वतः चालवण्याचा मार्ग मोकळा झाला होता. सरकारचा पैसा, पण दवाखाना जमातींच्या संस्थेचा. शिवाय गावातल्याच माणसाला शिकवून आरोग्यसेवक करायचं, ही पद्धत तिथे १९६०च्या दशकापासून रुळलेली होती. तिची सुरुवात क्षयाच्या साथीत झाली. गोळ्या रोज कोण देणार? गावातलंच कोणीतरी. मग त्यांनी विचार केला, हेच दातांसाठी का नको?

शिकवणार कोण, हा प्रश्न होता. अमेरिकेत असा अभ्यासक्रम नव्हता. पण न्यूझीलंडमध्ये होता, १९२१ पासून. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या जवानांची तोंडं बघून तिथल्या सरकारचे डोळे उघडले, आणि थॉमस हंटर या दंतवैद्याच्या पुढाकाराने तरुण मुलींना शाळकरी मुलांचे दात भरायला, काढायला शिकवायला सुरुवात झाली. प्रत्येक शाळेजवळ एक छोटा दवाखाना. पोरांनी त्याला ‘खुनाचं घर’ असं नाव ठेवलं होतं, ते राहू द्या. पोरं दाताच्या दवाखान्याला प्रेमाचं नाव कुठेच ठेवत नाहीत.

तर २००३ साली अलास्कातल्या आदिवासी संस्थांनी आपल्या तरुणांची पहिली तुकडी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात धाडली. बारावीपर्यंत शिकलेली गावची मुलं. दोन वर्षांचं शिक्षण, मग एका दंतवैद्याच्या हाताखाली काम, आणि त्यानंतर आपल्या भागात नेमणूक. नाव डेंटल थेरपिस्ट. कीड काढून सिमेंट भरायचं, साधा दात काढायचा, मुलांच्या दाढेवर स्टीलची टोपी बसवायची, फ्लोराइडचा लेप लावायचा, घरोघरी सांगायचं. रूट कॅनल नाही, जबड्याची शस्त्रक्रिया नाही. अवघड काही आलं तर बेथेलच्या दंतवैद्याला फोटो आणि एक्स-रे पाठवून विचारायचं.

आणि मग भांडण लागलं. अमेरिकेतली दंतवैद्यांची मोठी संघटना २००६ साली कोर्टात गेली. म्हणणं असं की पदवी नसलेल्याने दाताला ड्रिल लावणं बेकायदा आहे, आणि ही आदिवासींना दिलेली दुय्यम दर्जाची सेवा आहे. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गरिबांना अर्धवट शिकलेले आणि श्रीमंतांना तज्ज्ञ, असं जगात पुष्कळदा झालेलं आहे. पण मला विचारावंसं वाटतं, दुय्यम कशाच्या तुलनेत? त्या गावात पहिल्या दर्जाची सेवा कधी होती? २००७ मध्ये न्यायाधीशांचा कौल थेरपिस्टांच्या बाजूने गेला आणि दोन्हीकडून तडजोड झाली.

कोर्टाने कायद्याचं सांगितलं. दातांचं काय झालं हे सांगायला संशोधनच हवं होतं. २०१० मध्ये एका स्वतंत्र संस्थेने पाच ठिकाणी जाऊन थेरपिस्टांचं काम तपासलं. भरलेला दात नीट भरलाय का, काढायला नको होता तो काढलाय का, रोगी काय म्हणतात. निष्कर्ष निघाला की नेमून दिलेलं काम ते सुरक्षितपणे आणि नीट करतात. त्याहून मोलाचा अभ्यास २०१८ सालचा, वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॉ. डोनाल्ड ची यांचा. त्यांनी त्या नदीमुखाच्या प्रदेशातल्या गावांच्या दहा वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि साधा प्रश्न विचारला. ज्या गावात थेरपिस्ट जास्त दिवस होता, तिथे काय वेगळं घडलं? तीन वर्षांखालच्या मुलांचे पुढचे वरचे दात काढावे लागण्याचं प्रमाण तिथे कमी. मोठ्यांचेही दात काढणं कमी. आणि दुखण्याआधी तपासून घ्यायला येणारी मुलं आणि मोठी माणसं जास्त.

मला यातलं मोजमाप आवडलं. किती शिबिरं घेतली, किती ब्रश वाटले, हे त्यांनी मोजलं नाही. किती दात तोंडात राहिले ते मोजलं.

आता आपल्याकडे येतो, कारण आल्याशिवाय राहवत नाही. माणूस तोच, गावातलाच, असा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन द्यायलासुद्धा. तेव्हाही कपाळावर आठ्या पडल्याच. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले, नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट. पुढे ‘आशा’ताईंच्या कामात घरी जाऊन बाळ तपासणं आलं, त्याचं मूळ तिथे आहे.

दातांच्या बाबतीत मात्र आपण सुरुवातही केलेली नाही. आपल्याकडे दंतवैद्यक महाविद्यालयं तीनशेच्या वर आहेत. दंतवैद्य कमी नाहीत, ते शहरात आहेत. भामरागड, धारणी, धडगावच्या माणसाची दाढ दुखली की तंबाखू किंवा लवंग दाबून ठेवायची, नाहीतर तालुक्याची एसटी धरायची. त्यात आपलं दुखणं अलास्काहून वेगळं आहे. तिथे सोडा, इथे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी दातांआधी गालाचं आतलं कातडं मारते. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. ज्याची दोनच जातात त्याने खर्रा थांबवून डॉक्टरकडे जायला हवं, दात दुखत नसला तरी. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या नावाने दारू-तंबाखूविरुद्ध काम चाललंय, तेही गावागावांतून उभं केलेलं.

दुसरा फरक पाण्याचा. अलास्काला फ्लोराइड हवं होतं. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या कित्येक विहिरी-बोअरमध्ये ते इतकं जास्त आहे की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडंही धरतात. तेव्हा तिकडचा उपाय इकडे जसाच्या तसा उचलायचा नाही. आधी पाणी तपासायचं.

कायद्याचंही बघू. आपल्याकडे १९४८च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्याखेरीज हायजिनिस्टला जागा दिली, ती दात साफ करण्यापुरती. ड्रिल त्याच्या हाती नाही. पण ड्रिलशिवायही बरंच करता येतं. चांदी आणि फ्लोराइड असलेलं एक औषध किडलेल्या जागी नुसतं बोळ्याने लावलं तरी कीड थांबते. दात काळा पडतो, हे आईला आधी सांगावं लागतं. हाताच्या साध्या हत्याराने कीड खरवडून त्यात सिमेंट भरण्याची पद्धतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध आणि हे सिमेंट, दोन्ही २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. वीज नसलेल्या उपकेंद्रात चालेल असंच हे काम आहे. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांवर मिळायच्या सेवांच्या यादीत तोंडाचं आरोग्यही आहे. यादीत आहे म्हणजे केंद्रात आहे असं नव्हे, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच.

अलास्कात मुलं शिकायला कोणी पाठवली? जमातींच्या संस्थांनी. आपल्याकडे पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा आहे. त्यात येणाऱ्या गावांत आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो, आणि तो कुठे लावायचा हे गावाने ठरवायचं असतं. आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. तुमचं गाव पेसात असेल तर पुढच्या ग्रामसभेत विचारून बघा, औषध-सिमेंटचं सामान आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी येणारा दंतवैद्य, यासाठी त्यातले पैसे लावता येतील का. आणि आला तर त्याला एक वही ठेवायला सांगा. त्यात काढलेले दात एका बाजूला लिहायचे, वाचवलेले दुसऱ्या.

नमस्कार.