शिक्का कुणावर बसतो?

मित्रहो, परळमध्ये गुन्हेगारीवर बोलायचं म्हटलं की गिरणी संपाचा विषय निघतोच. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि हजारोंना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. 'मग पोरं टोळ्यांत गेली' हे वाक्य तुम्हीही लहानपणापासून ऐकलं असेल.

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली मांडलेला विचार या वाक्याला बळ देतो. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पैशाचं आणि प्रतिष्ठेचं. तिथं पोचायच्या सरळ वाटा मात्र सगळ्यांना मिळत नाहीत, आणि मग काही जण आडवाटेला लागतात. मला हे पटतं, पण अर्धंच. लालबाग-परळच्या बहुसंख्य घरांतली पोरं टोळीत गेली नाहीत. कुणी वडापावची गाडी लावली, कुणी वॉचमनची नोकरी धरली, बायकांनी खाणावळी चालवून संसार ओढला. मर्टनने स्वतः माणसाच्या वागण्याच्या पाच तऱ्हा सांगितल्या होत्या. आपण आडवाटेची तेवढी उचलली आणि अख्ख्या वस्तीला चिकटवली.

गरिबीतून गुन्हा आपोआप उगवत नाही, तो शिकावा लागतो, हे समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँडचं म्हणणं. हातभट्टीचंच बघा. काळा गूळ आणि नवसागर किती घालायचा, पिंप कुठं पुरायचं, तयार माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून कसा न्यायचा, हे जाणत्याच्या हाताखालीच कळतं. आणि त्याच्यासोबत 'यात काय वाईट आहे?' हा युक्तिवादही शिकायला मिळतो.

पण दारू हा गुन्हा ठरवतं कोण? मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९चा. तो आजही रद्द झालेला नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. बिनपरवाना पिणारे किती जण स्वतःला गुन्हेगार समजतात? समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरने १९६३मध्ये हेच दाखवलं: नियम कोण करतं आणि तो कुणावर लावला जातो, यावर गुन्हेगार कोण ते ठरतं. खून-बलात्काराच्या बाबतीत हा विचार ताणू नये, तिथं बळी समोर असतो.

आपल्याकडे तर जन्मालाच शिक्का मारला गेला. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती 'गुन्हेगार' ठरवल्या. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत झाली. रोज हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांसाठीचे नवे कायदे आले आणि नजर तीच राहिली. आज सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी बाईकडे आधी संशयाने बघितलं जातं, गजऱ्याकडे नंतर. याउलट १९९२चा शेअर घोटाळा आठवा. हजारो कोटींचा आकडा होता. त्यानंतर दलाल स्ट्रीटवर कामाला जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला कुणी चौकीवर हजेरीला बोलावलं का?

शिक्का बसल्यावर काय होतं, हे आणखी एक समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्टने १९५१मध्ये सांगितलं. पहिली चूक कशामुळेही घडू शकते. मात्र लोकांनी एकदा 'हा तसलाच' म्हटलं, की माणूस त्याच ओळखीभोवती जगायला लागतो. आपली तडीपारी घ्या. १९५१च्या पोलीस कायद्याच्या कलम ५६खाली, साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत या कारणावरून, खटल्यात दोष सिद्ध न होताही माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. वस्तीत दहशत घालणाऱ्याला आवरायला हवं, यात वाद नाही. ज्यांच्या दारात तो रोज उभा राहतो, त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. पण कुर्ल्यातला विशीतला पोरगा मुंबई आणि ठाण्यातून हाकलला, की त्याची नोकरी जाते, आई दुरावते, जामिनाला उभा राहणारा शेजारी तुटतो. अनोळखी गावात त्याला खोली कोण देणार? बहुतेक वेळा तिथं त्याला ओळखणारे असतात ते त्याच धंद्यातले.