साखळी कुठे थांबली? सँगर यांची डीएनए वाचायची रीत

मित्रहो, डीएनए वाचायचा म्हटलं की बहुतेकांना वाटतं, एखादा जबरदस्त सूक्ष्मदर्शक असेल आणि त्यातून ए, टी, जी, सी ही अक्षरं ओळीनं दिसत असतील. तसं काही दिसत नाही. फ्रेडरिक सँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये केंब्रिजमध्ये जी रीत मांडली, तिच्यात अक्षर कुणी बघतच नाही. डीएनएची नक्कल करायला घ्यायची, ती जागोजागी अडवायची आणि अडलेल्या तुकड्यांची लांबी मोजायची.

अडवायची कशी, ते नीट बघू. नक्कल करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे पॉलिमरेज. त्याला साचा म्हणून एक धागा द्यायचा, सुरुवातीला धरायला प्रायमर नावाचा छोटा तुकडा द्यायचा आणि चारही अक्षरांचा कच्चा माल द्यायचा. विकर एकेक जोडीदार अक्षर बसवत पुढे सरकतं. प्रत्येक नवं अक्षर आधीच्या अक्षराच्या साखरेवर, तिसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाला जोडलं जातं. आता तो गट काढून तिथे नुसता हायड्रोजन ठेवलेलं अक्षर दिलं तर? असं अक्षर म्हणजे डायडीऑक्सी. एका बाजूनंच भोक असलेल्या मण्यासारखं ते माळेत बसतं, पण त्याच्यापुढे काही ओवता येत नाही. साखळी तिथेच संपते.

अशा अक्षरानं साखळी थांबते हे आर्थर कोर्नबर्ग यांच्या गटानं १९६९ मध्येच दाखवलं होतं. सँगर यांची खरी करामत, माझ्या मते, प्रमाणात आहे. सगळीच अक्षरं डायडीऑक्सी दिली तर साखळ्या पहिल्याच जागी संपतील. साध्या अक्षरांत थोडीच मिसळली, तर कुठली साखळी कुठे अडेल हे नशिबावर राहतं. नळीत अशा साखळ्या अब्जावधी असतात, त्यामुळे जिथे जिथे ते अक्षर येतं, तिथे तिथे कुणीतरी अडलेलं सापडतंच.

सुरुवातीला चार अक्षरांसाठी चार वेगळ्या नळ्या असत. चारही मिश्रणं युरिया घातलेल्या पातळ जेलवर शेजारी शेजारी सोडायची आणि वीज लावायची. डीएनए ऋणभारित असल्यामुळे धन टोकाकडे पळतो, आणि आखूड तुकडा पुढे जातो. शंभर आणि एकशे एक अक्षरांचे तुकडेही वेगळे पडतात, यावर सगळा खेळ उभा आहे. किरणोत्सारी खूण केलेले पट्टे एक्स-रे फिल्मवर उमटत आणि माणसं ते खालून वर वाचत. कंटाळवाणं काम, पण सँगर यांना आधी इन्सुलिनच्या रचनेसाठी १९५८ चं नोबेल मिळालं होतं, या कामासाठी १९८० मध्ये दुसरं मिळालं.

पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत लिरॉय हुड यांच्या प्रयोगशाळेत किरणोत्साराच्या जागी चार रंगांचे चमकणारे पदार्थ आले. मग जेलच्या पाट्यांऐवजी केसासारख्या बारीक नळ्या, म्हणजे केशनलिका आल्या, आणि पट्ट्यांच्या जागी यंत्र रंगीत शिखरांचा आलेख काढू लागलं, एक शिखर म्हणजे एक अक्षर. मानवी जीनोम प्रकल्पातलं बहुतेक वाचन याच रसायनशास्त्रावर झालं.

आता उपयोगाकडे येतो. आज एका फेरीत साधारण सातशे ते नऊशे अक्षरं चांगली वाचता येतात. प्रायमरला लागून असलेली पहिली काही अक्षरं मात्र धूसर निघतात. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक जेमतेम सोळाशे अक्षरांचं आहे, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांत हातात येतं. भारतात सर्वांत जास्त सापडणारा दोष पहिल्या इंट्रॉनच्या (जनुकातल्या, प्रथिन बनवताना वगळल्या जाणाऱ्या भागाच्या) पाचव्या अक्षरात आहे: जीच्या जागी सी. वाहकाच्या, म्हणजे दोनपैकी एकच प्रत सदोष असलेल्या माणसाच्या आलेखात त्या एका जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक दिसतात, एक आईकडचं, एक बाबांकडचं. एखादं अक्षर गळालं असेल, तर त्या जागेपासून पुढचा आलेखच विस्कटतो, कारण दोन प्रती एकमेकींपासून एका अक्षरानं सरकलेल्या असतात. मग उलट्या बाजूनं प्रायमर लावून पुन्हा वाचायचं.

कुणी विचारेल, एकाच वेळी कोट्यवधी तुकडे वाचणारी यंत्रं आली, मग हे कशाला? एक जागा, एक रुग्ण, एक ठाम उत्तर हवं असेल तेव्हा अजूनही हीच रीत सोयीची पडते. नव्या यंत्रानं शोधलेला बदल खरा आहे का, हे तपासायलाही अनेक प्रयोगशाळा हीच वापरतात.

पण आलेख स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. सिंधी कुटुंबांमध्ये याच जनुकाचा शेवटाकडचा ६१९ अक्षरांचा तुकडाच गायब असल्याचं बऱ्याचदा आढळतं. प्रायमर बसायची जागा त्या तुकड्यात असेल, तर दोष असलेल्या प्रतीची नक्कलच होत नाही. वाचली जाते ती फक्त निरोगी प्रत, आणि अहवालात सगळं ठीक दिसतं. म्हणून उल्हासनगरच्या एखाद्या सिंधी जोडप्याचा नमुना आला, की आधी त्या तुटीची वेगळी पीसीआर चाचणी (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढून बघणारी) लावलेली बरी.