पार्किंगमधले खांब

मंडळी, भूकंपाचा विषय निघाला की बडोद्यात पहिला प्रश्न ठरलेला: "फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची भेग, आपल्यापासून किती लांब?" नर्मदा-सोन भ्रंशपट्टा, म्हणजे अशा भेगांचा पट्टा, आपल्या दक्षिणेला आहे. 23 मार्च 1970 ला भडोचला धक्का बसला, तो याच टापूत. भूकंपाच्या 2016 च्या नकाशावर बडोदा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, झोनमध्ये येतं. पण नुसत्या अंतरावर विसंबू नका. 26 जानेवारी 2001 ला भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं. अमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरांहून लांब, तरी तिथे इमारती पडल्या. त्यांत खाली मोकळं पार्किंग आणि वर चार मजले, अशा बऱ्याच होत्या. शहर नदीच्या गाळावर वसलेलं, आणि गाळात हादरा वाढतो. आपल्याखालीही गाळच आहे.

मोकळ्या पार्किंगचं दुखणं समजून घ्या. वरच्या मजल्यांवर खांबांच्या मध्ये विटांच्या भिंती असतात, त्यामुळे तो भाग खोक्यासारखा ताठ राहतो. खाली नुसते खांब. सगळी हालचाल त्या एकाच मजल्यात होते. म्हणून 2002 च्या आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात सांगितलं की या मजल्याचे खांब आणि बीम अडीचपट बलासाठी डिझाइन करा, नाहीतर काँक्रीटच्या भिंती घाला. त्याआधीची इमारत असेल तर तपासणी कराच.

तपासायचं काय? रिंगा, म्हणजे खांबाच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या आडव्या सळया. खांबाच्या दोन्ही टोकांना, बीमपासून निदान 450 मिलिमीटरपर्यंत, रिंगांमधलं अंतर 100 मिलिमीटरच्या वर नको. रिंगेचं टोक, म्हणजे हूक, 135 अंशांत आत वळलेलं हवं. सळया बांधणारा फिटर ते 90 अंशांतच सोडतो, कारण हात लवकर उरकतो. हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की अशी रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब बसतो. रिंगांमधलं अंतर काँक्रीट न फोडता रिबार लोकेटरने, म्हणजे आतल्या सळया शोधणाऱ्या यंत्राने, कळतं. हूक मात्र एका ठिकाणी काँक्रीट छिलल्याशिवाय दिसत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावरूनच वाद होतो. छिलू द्या, भरून काढता येतं.

रिंगा कमी निघाल्या तर जॅकेटिंग: प्लास्टर काढून जुना पृष्ठभाग टाचून खरबरीत करायचा, चारी बाजूंनी 100 मिलिमीटर नवं काँक्रीट, आणि नव्या उभ्या सळया फुटिंगमध्ये, म्हणजे खांबाच्या पायात, भोक पाडून इपॉक्सीने बसवायच्या. कंत्राटदार फरशीपाशीच थांबतो. तसं जॅकेट म्हणजे खांबाला घातलेला कोट, ताकद शून्य. डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच हवं, कारण मोजकेच खांब जाड केले तर इमारत पिळवटते.

एक चूक तर आपणच करतो. वॉचमनच्या खोलीसाठी खांबाला टेकून अर्धी भिंत उठवतो. मग खांबाचा वरचा उरलेला आखूड तुकडाच सगळा मार खातो आणि तिरपा चिरतो. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे भिंती आणि तुळया एकमेकांना बांधलेल्या आहेत का, ते आधी पाहा.

हादरा सुरू असताना चौथ्या मजल्यावरून जिन्याकडे धावू नका. भक्कम टेबलाखाली बसा, टेबलाचा पाय घट्ट धरा. हादरा थांबल्यावर आधी पाईप गॅस बंद करा. व्हॉल्व्हचा दांडा पाईपला आडवा म्हणजे बंद, सरळ रेषेत म्हणजे चालू. आणि त्या दांड्यापुढे पिठाचा डबा ठेवलेला नसावा.