औषध कारखान्यातील नेतृत्व आणि तिसरी पाळी

मित्रमैत्रिणींनो, पुण्यातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत आज मुली मोठ्या संख्येने शिकतात, पण नोकरीला लागल्यावर त्यांची रवानगी बहुधा गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत किंवा कागदपत्रांच्या विभागात होते, आणि ज्या उत्पादन विभागातून पुढे प्लांट हेड घडतात तो विभाग पुरुषांच्याच हाती राहतो. मुलींना यंत्रांची आवड नसते, असे त्याचे कारण सांगितले जाते. उत्पादनातच उभी हयात घालवल्यामुळे मला ते मुळीच पटत नाही. खरे कारण तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीत आहे.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 66 ने स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 अशी ठरवून दिली. राज्य सरकारला त्यात सवलत देण्याची मुभा होती, परंतु रात्री 10 ते पहाटे 5 हा काळ औषध कारखान्यांतील स्त्रियांसाठी बंदच होता. हेतू संरक्षणाचा होता हे मान्य. परिणाम मात्र असा झाला की जे उद्योग रात्रंदिवस चालतात, त्यांच्या नेतृत्वाची पहिली पायरीच स्त्रियांना मिळाली नाही.

पेनिसिलिनचेच पाहा. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. हे औषध ज्या बुरशीपासून मिळते, तिला मोठ्या टाक्यांमध्ये दिवसचे दिवस निर्जंतुक हवा पुरवावी लागते, द्रव सतत घुसळावा लागतो, तापमान राखावे लागते. पाळी संपली म्हणून टाकी थांबवता येत नाही. आता लक्षात घ्या की अशा खोल टाक्यांत पेनिसिलिनचे व्यापारी उत्पादन करणाऱ्या पहिल्या कारखान्याची रचना एका स्त्रीने केली होती. मार्गारेट हचिन्सन हिने 1937 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकीची डॉक्टरेट मिळवली होती, आणि ब्रुकलिनमधील बर्फाच्या एका जुन्या कारखान्यात फायझर या औषध कंपनीने उभारलेला तो प्रकल्प मार्च 1944 मध्ये सुरू झाला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी आपल्या कायद्याने तसल्याच टाक्यांपाशी रात्री उभे राहण्याची बाईला मनाई केली, याचे मला आजही वाईट वाटते.

रात्रपाळीत असे शिकण्यासारखे असते तरी काय? जुलैतली रात्र आहे, बाहेर संततधार आहे, कंप्रेशनच्या, म्हणजे मिश्रण दाबून गोळ्या पाडण्याच्या खोलीतील आर्द्रता हळूहळू वर चढते आहे. दाणेदार मिश्रण पंचला (गोळी दाबणाऱ्या दांड्याला) चिकटू लागते, गोळ्यांचा पृष्ठभाग खरबरीत दिसतो आणि वजन हलते. शिफ्ट इन्चार्ज 20 गोळ्या एकेक करून तोलते. सरासरी वजन 250 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर दोनपेक्षा अधिक गोळ्या सरासरीपासून 5 टक्क्यांहून जास्त ढळता कामा नयेत आणि 10 टक्क्यांहून जास्त तर एकही नाही. आकडे अजून मर्यादेत आहेत, पण मर्यादेकडे सरकत आहेत. सकाळी माल पुढे पॅकिंगला जायचा आहे, आणि विचारायला वरिष्ठ जागे नाहीत. मशीन थांबवायचे, तोवर निघालेल्या गोळ्या वेगळ्या ठेवून लेबल लावायचे, बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या मालाच्या नोंदवहीत, झाले तसे लिहायचे, चुकलेला आकडा खोडून न टाकता त्यावर एकच रेघ मारून सही आणि तारीख घालायची, हे सारे तिने एकटीने ठरवायचे असते. असे निर्णय घेऊन जो माणूस तयार होतो, त्याच्याकडेच पुढे अख्खा प्लांट सोपवला जातो. बढतीच्या बैठकीत “मॅडम, तुम्हाला प्रॉडक्शनचा अनुभव नाही” हे वाक्य मी अत्यंत हुशार बायकांना ऐकवले गेलेले पाहिले आहे. तो अनुभव त्यांना कधी घेऊच दिला नव्हता, हे तिथे कोणी बोलत नाही.

2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेच्या अटी यांसह रात्रीचे काम खुले केले आहे. संमती मात्र कागदावर घेऊन भागत नाही. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून पहाटे सुटणारी मुलगी हडपसरच्या नाक्यावर नव्हे, तिच्या घराच्या दाराशी उतरली पाहिजे. पाळीत एकच बाई ठेवू नये, निदान तिघी-चौघी तरी असाव्यात. आणि बाळंतपणाच्या रजेनंतर “आता तुम्हाला क्यूए (गुणवत्ता हमी विभाग) सोयीचे पडेल” असे परस्पर ठरवण्याआधी व्यवस्थापनाने तिला विचारावे, आणि तिने उत्पादन मागितले तर तिची जुनी लाइन तिला परत द्यावी.