मास्तरांच्या पिशवीतलं वेबिल

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय कार्यक्रम अधिकाऱ्यांनी मला जरा दबकतच सांगितला. म्हणाले, "डॉक्टर, सकाळची वेळ आहे, घरोघरी चहा चालू असतो, तेव्हा जरा बेतानं..." म्हटलं, काळजी करू नका, तो चहा पुढं ज्या वाटेनं जातो तिथलीच तर गोष्ट सांगायची आहे.

तर विषय असा. रक्ताचा सावकाश चालणारा कॅन्सर, म्हणजे क्रॉनिक ल्युकेमिया, ज्या पुरुषांना आहे त्यांनी आपल्या प्रोस्टेटकडे कसं बघायचं. परिभाषा कोशात प्रोस्टेटला 'पुरःस्थ ग्रंथी' म्हणतात. चाळीस वर्षं ऑपरेशनं केली, पण हा शब्द एकाही पेशंटच्या तोंडून ऐकला नाही. सुरुवातीला मी हौसेनं वापरायचो. एका आजोबांनी विचारलं, "पुरस्कार मिळालाय का?" तेव्हापासून सोडून दिला. शब्द कोशात राहतो की माणसाच्या तोंडात, यावर एकदा वेगळं बोलीन. आज प्रोस्टेटच म्हणू.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढतं तशी ती वाढते आणि मधल्या नळीला आवळते. साठीत निम्म्या पुरुषांची वाढलेली असते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री उठावं लागतं. हा कॅन्सर नव्हे. प्रोस्टेटचा कॅन्सर असतो, पण तो वेगळा.

आता रक्ताची बाजू. क्रॉनिक ल्युकेमियाचे मोठे प्रकार दोन. एक सीएमएल, तो आपल्याकडं चाळिशीच्या आसपासही दिसतो. दुसरा सीएलएल. तो म्हातारपणाकडं झुकलेला आणि बायकांपेक्षा पुरुषांत जवळजवळ दुप्पट. यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढत राहतात, आणि पुष्कळ लोकांना कित्येक वर्षं काहीही औषध लागत नाही, नुसती नजर ठेवायची. सीएलएल किती पुढं गेलाय हे मोजायची एक पद्धत डॉक्टर कांती राई यांनी १९७५ साली मांडली. मूळचे राजस्थानचे, काम अमेरिकेत. त्यांच्या पायऱ्या शून्यापासून चारपर्यंत. आमचे पेशंट म्हणतात, "डॉक्टर, राईचा पर्वत तर होणार नाही ना?" शून्यावरच्या पुष्कळांचा होत नाही, आयुष्यभर राईच राहते.

म्हणजे बघा, पुरुष तोच, वय तेच. दोन आजार एकाच बाकावर शेजारीशेजारी बसलेले असतात. एकमेकांचे नातेवाईक नव्हेत, नुसते सहप्रवासी. पण एकाचं सामान दुसऱ्याच्या पायात येतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, आणि आज ते मी दोन-तीनदा म्हणणार आहे, कंटाळू नका: दोघांना दोन्ही सांगा. रक्ताच्या डॉक्टरांना लघवीचं सांगा, लघवीच्या डॉक्टरांना रक्ताचं सांगा.

आता गोष्ट. ही सांगण्यासाठीच मी आलोय, खोटं कशाला बोलू.

आमच्या साताऱ्याकडचे एक एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. आपण त्यांना अण्णा म्हणू. तीस वर्षं घाटातली गाडी चालवली. आणि त्यांचे कंडक्टर. एस.टी.त कंडक्टरला मास्तर म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. या दोघांनी जवळजवळ सगळी नोकरी एकत्र केली, आणि निवृत्तीनंतरही अण्णा जिथं जातील तिथं मास्तर मागच्या बाजूला.

अण्णा माझ्याकडं आले हर्नियासाठी. वय अडुसष्ट. ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ४८ हजार. असायला हव्यात चार ते अकरा हजार. पुण्याला पाठवलं, तिथं निदान झालं सीएलएल. औषध काही नाही, तीन-तीन महिन्यांनी दाखवा. मग मी हर्निया केला, टाके चांगले आले, आणि मी माझ्यावरच खूश.

इथं माझी चूक सांगतो. साठीपुढच्या माणसाला हर्निया झाला तर त्याला विचारायचं असतं, लघवीला जोर करावा लागतो का. कारण रोज जोर करून करूनही हर्निया बाहेर येतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवायचो. आणि अण्णांना मीच विचारलं नाही. ४८ हजार हा आकडा बघितला आणि माझं सगळं लक्ष तिकडं गेलं.

अण्णा तेव्हा रात्री पाच-पाच वेळा उठत होते. पुण्यात रक्ताचे डॉक्टर दर वेळी विचारायचे, ताप येतो का, रात्री घाम फुटतो का, वजन उतरलं का. अण्णा इमानदारीत सांगायचे, नाही. लघवीचं त्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. पुढं मी विचारलं, "अहो, का नाही सांगितलं?" तर म्हणाले, "सर, एका डेपोची तक्रार दुसऱ्या डेपोत कशी करायची?"

अशी दोन वर्षं गेली. मे महिना, पुतण्याचं लग्न महाडला. अण्णांना सर्दी. सीएलएलमध्ये प्रतिकारशक्ती कमी असते, सर्दी-खोकला पटकन धरतो आणि लवकर सोडत नाही. लग्नात शिंका नकोत म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतली. सकाळी एक, निघताना एक. आणि मेढा, महाबळेश्वर करून आंबेनळी घाटानं गाडी निघाली.

महाबळेश्वरच्या स्टँडवर अण्णा उतरले. उभे राहिले. काही नाही. बरं, तिथल्या मुतारीत उभं राहवत नव्हतं म्हणून असेल असं त्यांना वाटलं. (आता मुतारीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गावाची पारख त्याच्या मंदिरावरून करू नये, स्टँडच्या मुतारीवरून करावी. असो.) वाडा कुंभरोशीला परत उतरले. परत काही नाही. पुढं घाटात तिसऱ्यांदा गाडी थांबवायला लावली. त्या गाडीचा कंडक्टर तरुण पोरगा, तो म्हणाला, "काका, हात दाखवा गाडी थांबवा हे ठीक आहे, पण थांबवून तुम्ही करताय काय?" गाडीत हशा. मागून मास्तर ओरडले, "पोरा, तीस वर्षं यांनी दुसऱ्यांसाठी गाडी थांबवली आहे. थांब जरा."

पण थांबून उपयोग नव्हता. लघवी तुंबली होती. महाडला पोहोचेपर्यंत ओटीपोट तट्ट, अण्णा घामानं निथळलेले, बोलता येईना. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं चटकन नळी घातली. सव्वा लिटर लघवी निघाली. सव्वा लिटर! अण्णांनी त्या डॉक्टरच्या पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण डॉक्टर काळजीवाला. त्यानं रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी ८४ हजार. त्याच्या जागी मी असतो तरी दचकलो असतो. त्याला वाटलं जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय, नाहीतर याहून वाईट. बाहेर येऊन म्हणाला, आत्ताच्या आत्ता मुंबईला हलवा. आणि आता ऐका, अण्णांनी घरात कुणाला काही सांगितलेलंच नव्हतं! काकूंना वाटायचं हे पुण्याला पेन्शनच्या कामाला जातात. हळदीच्या घरात रडारड सुरू झाली.

तेवढ्यात मागून मास्तर आले. कंडक्टरची ती चामड्याची पिशवी अजून त्यांच्या खांद्याला असते, सवयच. तिच्यातून त्यांनी एक जुनं वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, काढलं. वेबिलाच्या पाठीवर तारखा आणि आकडे. ४८ हजार. ५५. ६१. ७०. ७८. दोन वर्षांतली प्रत्येक तपासणी, तिकिटांचा हिशोब लिहावा तशी लिहिलेली. सोबत पुण्याच्या कागदांच्या झेरॉक्स. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ड्रायव्हरला कागदाचं काय कळत नाही. हिशोब माझ्याकडं आहे."

त्या तरुण डॉक्टरनं तो कागद बघितला आणि त्याचा चेहरा बदलला. आकडा मोठा होता, पण एकदम चढलेला नव्हता. दोन वर्षांत हळूहळू वाढलेला. रक्ताचे डॉक्टर कान टवकारतात ते हा आकडा सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाला तर. ताप नव्हता. लघवी तपासली, जंतू नव्हते. त्यानं मला फोन केला, आम्ही बोललो, आणि ठरलं की नळी राहू द्या, प्रोस्टेटची गोळी सुरू करा, मुंबई नको. अण्णा नळी आणि लघवीच्या पिशवीसकट लग्नाला उभे राहिले. धोतर नेसून. धोतरात पिशवी दिसत नाही. आपल्या जुन्या पोशाखांना आम्ही उगाच हसतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

चौथ्या दिवशी माझ्याकडं नळी काढली. अण्णा आत, आम्ही दाराबाहेर. पाच मिनिटं शांतता. मग आतून आवाज आला, आणि मास्तरांनी दारावर बोटानं दोनदा वाजवलं. डबल बेल.

आता घड्याळ बघतो तर माझा निम्म्याहून जास्त वेळ गेला. राहिलेलं भराभर सांगतो.

सर्दीची गोळी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं असतात. एकानं मूत्राशय सुस्तावतं, दुसऱ्यानं त्याच्या तोंडाशी आवळ बसते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसानं ती गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नये. वाफ घ्या.

पांढऱ्या पेशींचा आकडा. सीएलएल असलेल्या माणसात तो नेहमीच चढलेला असतो, त्यामुळं नुसत्या त्या आकड्यावरून संसर्ग आहे की नाही हे ठरवता येत नाही. आणि उलटही लक्षात ठेवा. या माणसाला लघवीची जळजळ आणि थंडी वाजून ताप आला, तर आकडा काहीही असो, त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर ढकलू नका.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी. अण्णांची कुणीतरी नळी असतानाच करून टाकली. आली चौदा. चारच्या वर गेलं की लोकांची झोप उडते. लघवी तुंबली, जंतू झाले, नळी घातली, की पीएसए चढतेच. सहा आठवडे थांबून परत केली, तीन पूर्णांक काहीतरी. ल्युकेमियानं पीएसए वाढते का, असं लोक विचारतात. नाही, ती प्रोस्टेटच्या पेशींची गोष्ट आहे. आणि प्रोस्टेट लहान करायची गोळी, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड, चालू असेल तर सहाएक महिन्यांत पीएसए निम्म्यावर येते. म्हणजे दोन दिसली तर ती चार समजायची. गोळी सांगितली नाही तर डॉक्टर फसतो.

रक्तस्राव. सीएलएलवर आता इब्रुटिनिबच्या जातीच्या गोळ्या आहेत. चांगल्या आहेत, पण त्यांनी रक्त थांबायला वेळ लागतो. प्रोस्टेटचा तुकडा काढायचा असेल किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन असेल, तर इब्रुटिनिब आधी आणि नंतर तीन ते सात दिवस थांबवायची असते. किती दिवस ते रक्ताचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नव्हे, शेजारी नव्हे. म्हणून पुन्हा म्हणतो, दोघांना दोन्ही सांगा.

सीएमएलवाल्यांसाठी एक. त्यावरची गोळी इमॅटिनिब, तिनं काहींच्या पायांवर सूज येते. ते पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्राशयाकडं निघतं. मग रात्री उठणं होतं आणि बोल लागतो प्रोस्टेटला. पाय दाबून बघा, खड्डा पडतो का. ही गोळी आज आपल्याला परवडते त्यामागं एप्रिल २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा पेटंट नाकारणारा निकाल आहे. वकिलांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

अण्णांचं पुढं काय झालं ते राहिलंच. सहा महिन्यांनी परत तुंबली, तेव्हा दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडून काढली. तुकडे तपासायला गेले. रिपोर्टात लिहून आलं, प्रोस्टेटचा कॅन्सर नाही, पण सीएलएलच्या पेशी दिसतात. काकू परत रडायला लागल्या, "आता तिथंही पसरला." तसं नाही. या पेशी रक्तातूनच फिरतात. जिथं रक्त जातं तिथं त्या सापडतात. सापडल्या एवढ्यावरून पुण्याच्या डॉक्टरांनी काहीही बदललं नाही. अजून औषध नाही, अजून तीन महिन्यांनी दाखवा. फरक एवढाच की आता काकू बरोबर जातात.

आणि मास्तरांनी वेबिलावर नवा रकाना आखलाय. पहिल्यात पांढऱ्या पेशी, दुसऱ्यात रात्रीचे थांबे. गेल्या महिन्यात मला दाखवलं. शेवटच्या ओळीत त्यांच्या त्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'थांबे दोन. गाडी वेळेवर.'

नमस्कार.