घरं बांधा, बागा लावा

मंडळी, दुःखातल्या माणसाला भेटायला गेलो की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, 'होईल हो सगळं पूर्वीसारखं.' बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण नवरा गेलेल्या बाईचं, मुलं परदेशी स्थायिक झालेल्या आईबापांचं, पन्नाशीत नोकरी सुटलेल्या माणसाचं काहीच पूर्वीसारखं होणार नसतं, आणि ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत असतं. अशा वेळी ख्रिस्ती श्रद्धा नेमका कोणता आधार देते, यावर मला आज बोलायचं आहे.

बायबलमध्ये हे वाक्य बोलणारा एक संदेष्टा आहे, हनन्या. इसवीसनपूर्व 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमचा तरुण राजा, दरबारी, सुतार, लोहार असे हजारो लोक धरून नेले. मागे उरलेल्यांना हनन्यानं देवाच्या नावानं सांगितलं की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना ते गोड वाटलं असणारच. दुसरा संदेष्टा यिर्मया म्हणाला, नाही, सत्तर वर्षं लागतील. आणि त्यानं बाबेलमधल्या आपल्या माणसांना एक पत्र धाडलं. यिर्मयाच्या 29व्या अध्यायात ते आहे. त्यातलं अकरावं वचन ख्रिस्ती घरांत भिंतीवर असतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. सुंदरच वचन आहे. पण पाचवं, सहावं, सातवं वचन आपण वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं. तिथं लिहिलंय, घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी आपल्याला उचलून नेलं त्यांच्या शहरासाठी! सत्तर वर्षांचा हिशेब केला, तर पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परतणार नव्हतेच. तरी त्यांना आशा दिली, आणि आशेच्या आधी हाताला काम दिलं.

गोव्याच्या माणसाला हे पत्र फार समजावून सांगावं लागत नाही. आपल्या तारवट्यांचे, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचे, मुंबईतले कूड आठवा; कूड म्हणजे गावकऱ्यांची एकत्र राहायची जागा. बोटीवर काम शोधायला निघालेला साश्टीचा, बार्देशचा मुलगा धोबीतलावला आपल्या गावच्या कुडात उतरायचा. एक ट्रंक, पथारीपुरती जागा, आणि खोलीच्या एका टोकाला आल्तार, म्हणजे वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा, हा कुडाचा नियम. गावच्या संताचं फेस्त, म्हणजे सणही, तिथं व्हायचा. बोट कधी मिळेल ते हातात नव्हतं. पण ठरल्या वेळी गुडघे टेकायचे, शेजारच्याच्या आवाजात आवाज मिसळून पन्नास वेळा 'नमान मारिये' म्हणायचं, एवढं नक्की होतं. दिवसभर दारोदार फिरून 'उद्या या' ऐकलेल्या मुलाला दिवसातली ही एक गोष्ट पक्की मिळायची. श्रद्धेचा आधार पुष्कळदा असाच असतो. मोठा साक्षात्कार नव्हे, एक ठरलेली वेळ आणि शेजारी चार माणसं.

काम सांगितलं म्हणजे रडायला बंदी केली, असं कुणी समजू नये. त्याच बाबेलच्या नद्यांकाठी बसून लोक रडले, वीणा झाडांना टांगून ठेवल्या, परक्या देशात गाणं गायचं कसं म्हणाले. हे स्तोत्र 137. आणि 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ते पवित्र शास्त्रात तसंच ठेवलं आहे. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. तेव्हा 'श्रद्धा असेल तर डोळ्यांत पाणी कशाला' असं कुणी म्हणालं, तर त्याचं ऐकू नका.

गोव्यात हा विषय बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. काही घराण्यांत हा धर्मच मोठी उलथापालथ होऊन आला. 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इथं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात आले. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं गेली होती, आणि संध्याकाळी वाचायला, गायला काही उरलं नव्हतं. ही रिकामी जागा त्यांनी ओळखली आणि मराठी ओवीत बायबलची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण रचलं; ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. झालेल्या जबरदस्तीचं हे समर्थन नव्हे. मी एवढंच म्हणते, की सगळं बदललेल्या माणसाला ओळखीची चाल लागते, हे त्या परक्या पाद्रीला कळलं.

मी स्वतः अहमदनगरकडच्या मराठी प्रोटेस्टंट घरात वाढले. आमच्याकडे भजन होतं, सायबीण, म्हणजे पाळीपाळीनं घरोघर नेली जाणारी मारियामातेची मूर्ती, नव्हती. बार्देशमधल्या आमच्या वाड्यावर एक बाई आहेत. यजमान बोटीवर होते, ते वारले, मुलं इंग्लंडला. त्यांनी पुढचं दारच बंद केलं, येणं-जाणं सगळं मागच्या स्वयंपाकघराच्या दारानं. मग घरोघर फिरणारी सायबीण त्यांच्याकडे यायची पाळी आली. सायबीण मागच्या दारानं कशी आणणार? कडी गंजली होती, शेजारच्या मुलानं खोबरेल घालून ती सोडवली. बल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा, झाडला, आमच्याकडच्या खुर्च्या नेल्या, मेणबत्त्या लावल्या. लादाइन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, झालं, उकडलेले चणे वाटले. दुसऱ्या संध्याकाळी मूर्तीबरोबर पुढच्या घरापर्यंत त्या चालत गेल्या. त्यांचं दुःख हलकं झालं का, मी विचारलं नाही. पुढचं दार मात्र आता दिवसा उघडं असतं.

पौलानं करिंथकरांना लिहिलंय की देव आपलं सांत्वन करतो ते आपण दुसऱ्याचं करावं म्हणून. आपल्याकडे माणूस गेल्यावर सातव्या दिवसाची मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते, महिन्याची होते, त्या दिवशी घर भरलेलं असतं. मग एकदम वर्षाची. मधले अकरा महिने कुणाचे? नेमके त्याच काळात बँकेचे फॉर्म, पेन्शन, इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसावाटणीचे, कागद येतात, जमिनीवर भावकीची नावं निघतात, आणि आयुष्यात कधी सही न केलेली बाई एकटी नोटरीच्या बाकावर बसते. आपल्या प्रार्थना-मंडळांनी हे काम अंगावर घ्यावं. पाळी लावावी, जशी सायबिणीची लावतो: या महिन्यात कचेरीत तिच्याबरोबर कोण, पुढच्या महिन्यात कोण. कागद वाचता येणारी, कोकणी-मराठी-इंग्रजी जाणणारी निवृत्त माणसं प्रत्येक वाड्यावर आहेत. आज इथंही आठ-दहा तरी बसली आहेत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आपली नावं माझ्याकडे द्यावीत.